खडकामागचं पाणी

माझ्या घरी खाऱ्या पाण्याची रीफ टाकी आहे, म्हणजे मासे आणि जिवंत कोरल (प्रवाळ) पाळायची काचेची टाकी. तिच्यात डावीकडच्या खडकाच्या मागे, अगदी पायथ्याशी, तळहाताएवढी एक जागा होती. तिथे वाळूवर किरमिजी साय धरायची. सायनोबॅक्टेरिया. पिचकारीने उडवली की दोन दिवस वाळू पांढरी दिसायची, तिसऱ्या दिवशी साय पुन्हा हजर. माशांचं खाणं कमी केलं, पाणी लवकर लवकर बदललं, दिव्यांचे दोन तास कापले. नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही ठीक येत होते. आठ महिने हे चाललं होतं, आणि या आठ महिन्यांत उजव्या काचेवर ताशी 12000 लिटर पाणी ढकलणारा पंप अखंड सुरू होता. म्हणून प्रवाह कमी पडत असेल अशी शंकाही मला आली नाही.

टाकी 120 सेंटीमीटर लांब, 55 रुंद, पाण्याची उंची 50. म्हणजे 330 लिटर. खडक आणि वाळूची जागा वजा केली की 280 च्या आसपास. 12000 ला 280 ने भागलं की टाकीतलं सगळं पाणी तासाला 43 वेळा फिरतं, असा हिशेब येतो. मऊ आणि मोठ्या पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे कोरलमधला एकेक जीव) कोरलना तासाला टाकीच्या पाण्याच्या 10 ते 20 पट, ॲक्रोपोरासारख्या बारीक पॉलिपवाल्यांना 30 ते 50 पट किंवा त्याहून जास्त, हे रीफ टाकी पाळणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. त्या हिशेबात मी छान बसत होते. आणि तरीही टाकीच्या एका टोकाला वाळू उडून खालची काच उघडी पडली होती, दुसरीकडे साय धरत होती, आणि मधल्या हॅमर कोरलची (हातोडीसारख्या टोकांचं मांसल कोरल) एक बाजू हळूहळू सांगाड्यावरून मागे सरकत होती.

त्या हॅमरनेच माझे डोळे उघडले. पंपापासून साधारण 25 सेंटीमीटरवर होता तो. पंपाकडची टोकं कायम आत ओढलेली, विरुद्ध बाजूची भरगच्च फुललेली. एका रात्री टॉर्च घेऊन जवळून बघितलं. पंपाकडच्या कडेला मांसल भाग सांगाड्याच्या धारदार कडांवर सतत घासत होता, आणि नेमकं तिथेच पांढरं उघडं पडलं होतं. प्रवाह जास्त होता असं म्हणावं तर पलीकडे अर्ध्या हातावर पाणी साचलेलं. एकाच टाकीत अति आणि अभाव, दोन्ही.

मग मी मोजायला घेतलं. साधी गोष्ट आहे, आणि प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं. पुढच्या काचेवर 30 सेंटीमीटर अंतरावर टेपच्या दोन पट्ट्या लावल्या. फ्रोझन खाणं वितळवून त्यातले बारीक कण पाण्यात सोडले आणि माझ्या मुलीने मोबाइलवर व्हिडिओ काढला. एक कण एका पट्टीपासून दुसरीपर्यंत किती फ्रेममध्ये जातो ते मोजायचं. तीसच फ्रेमचा सेकंद, त्यामुळे हिशेब सोपा. झोताच्या रेषेत कण अर्ध्या सेकंदात पार, म्हणजे सेकंदाला 60 सेंटीमीटर. पुढच्या काचेजवळ चार सेकंद. खडकामागे मात्र कण पुढे जायलाच तयार नव्हते. जागच्या जागी गिरकी घेत हळूहळू खाली बसत होते. ते बसत होते ती जागा म्हणजे तीच, तळहाताएवढी.

इथे एक गणित सांगते, कारण त्यामुळे माझा पंपाकडे बघण्याचा सगळा दृष्टिकोन बदलला. ताशी 12000 लिटर म्हणजे सेकंदाला 3.3 लिटर. माझी टाकी आडवी कापली तर छेद होतो 55 गुणिले 50, म्हणजे 2750 चौरस सेंटीमीटर. एवढं पाणी त्या पूर्ण छेदातून सरसकट सरकलं, तर वेग येतो सेकंदाला जेमतेम 1.2 सेंटीमीटर. गोगलगायीची चाल. म्हणजे पंपाच्या पात्यातून जेवढं पाणी जातं तेवढ्यावर रीफ टाकी चालतच नाही. झोत आपल्या आजूबाजूचं पाणी ओढून सोबत घेतो, ते पुढचं पाणी ढकलतं, काचेवर वळतं, परत येतं, आणि परत येताना पंपाच्या मागून पुन्हा त्याच रांगेत सामील होतं. अशी पूर्ण फेरी जुळली की सगळी टाकी एका दिशेने फिरू लागते आणि वेग कितीतरी पट वाढतो. फेरी मोडली की झोताची ताकद खडकावर आणि काचेवर आपटून संपते. माझ्याकडे फेरी मोडली होती. खडक मी मागच्या काचेला टेकवून भिंतीसारखे रचले होते. पाण्याला जायला वाट होती, यायला नव्हती.

हे सगळं कशासाठी, तर कोरल जागचं हलत नाही. मासा हवं तिथे जातो. कोरलकडे पाण्यालाच जावं लागतं. त्याच्या अंगाला पाण्याचा एक पातळ थर चिकटलेला असतो, जवळजवळ स्थिर. ऑक्सिजन, कॅल्शियम, अन्नकण आत यायचे तर त्या थरातून, आणि टाकाऊ द्रव्यं बाहेर जायची तीही त्याच थरातून. बाहेरचा प्रवाह जोरात असेल तर हा थर पातळ होतो आणि देवाणघेवाण भराभर होते. ओले कपडे बंद खोलीत दमट राहतात आणि वाऱ्यावर तासाभरात वाळतात, तसंच काहीसं. दिवसा तर कोरलच्या आतली शैवालं इतका ऑक्सिजन तयार करतात की तो बाहेर वाहून नेणं गरजेचं होतं, नाहीतर पेशींना तोच जाचक ठरतो. 1998 मध्ये समुद्राचं पाणी तापून प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, तेव्हा ओकिनावात ताकाशी नाकामुरा आणि रॉबर्ट व्हॅन वूसिक यांनी हेच तपासलं. 2001 मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात जोरदार प्रवाहातली कोरल संथ पाण्यातल्यांपेक्षा चांगली तगल्याचं दिसतं. दिव्यांवर आपण जेवढा विचार करतो, त्याच्या निम्मा तरी पाण्यावर करायला हवा असं मला हे वाचल्यापासून वाटत आलं आहे.

तर आधी खडक हलवले. पंप नंतर. हा क्रम मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगते. भिंत मोडून दोन बेटं केली, मध्ये 20 सेंटीमीटरची वाट ठेवली, आणि दोन्ही बेटं मागच्या काचेपासून 8 ते 10 सेंटीमीटर पुढे ओढली. तळाला खडक सपाट टेकवण्याऐवजी तीन-तीन पायांवर उभे केले, म्हणजे खालूनही पाणी जाईल. दोन दिवस टाकी गढूळ होती. जुन्या भिंतीमागून जो गाळ निघाला तो बघून मला फार वाईट वाटलं. त्या गाळात इतके महिने मासे राहत होते.

मग पंप. एक मोठा काढून 6000 लिटरचे दोन घेतले. खोक्यावरची बेरीज तीच, 12000. टाकी मात्र ओळखू येईना. दोन लहान पंपांचा पहिला फायदा हा की झोत विभागला जातो आणि कोणत्याही एका कोरलवर सगळा मारा होत नाही. दुसरा फायदा, एक बंद पडला तरी दुसरा टाकी जिवंत ठेवतो. एकाच पंपावर रीफ सोडून देणं मला आता धाडसाचं वाटतं.

पंपाच्या जातीबद्दलही थोडं बोलायला हवं. जुन्या पद्धतीचे पॉवरहेड बारीक तोंडातून पिचकारीसारखी धार सोडतात. 20 वॅट खाऊन ताशी हजार-अकराशे लिटर. पंख्याच्या पात्यासारखं पातं असलेला पंप 7 वॅटमध्ये साडेचार हजार लिटर हलवू शकतो, आणि तेही रुंद, पसरट झोतात. कोरलला धार सोसत नाही, पसरट झोत सोसतो. पाण्यात उष्णताही कमी जाते, आणि 26 अंशांवर टाकी सांभाळताना ती बाब लहान नसते. मोटर काचेच्या बाहेर आणि पातं आत अशा रचनेचे पंप आणखी थंड, पण त्यांना काचेची जाडी जुळावी लागते. आडव्या नळीतून पाण्याची चादर सोडणारे जायर पंप लांब, उघड्या टाक्यांत सुरेख चालतात. खडक पृष्ठभागापर्यंत गेले असतील तर ती चादर फाटते, म्हणून मी घेतले नाहीत. आणि वेग कमीजास्त करता येणारा डीसी पंपच घ्यावा, कारण योग्य वेग कोणता हे टाकीत लावल्याशिवाय कळतच नाही. गरजेपेक्षा थोडा मोठा घेऊन 60 टक्क्यांवर चालवला की आवाज कमी, झीज कमी, आणि कोरल वाढल्यावर वाढवायला हात मोकळा.

लावताना पहिल्यांदा दोन्ही पंप समोरासमोर ठेवले, दोन टोकांच्या काचांवर, बरोबर एकमेकांकडे तोंड करून. झोत मध्यभागी भिडले आणि तिथून सरळ खाली आले. दुसऱ्या दिवशी दोन बेटांच्या मधल्या वाटेत वाळूचा खड्डा आणि शेजारच्या ट्रॅकिफिलिया या वाळूवर बसणाऱ्या कोरलवर वाळूचा थर. तासभर हळूहळू फुंकून तो साफ केला. मग उजवा पंप पृष्ठभागाखाली 10 सेंटीमीटरवर ठेवला आणि किंचित वर, पुढच्या काचेच्या दिशेने वळवला. डावा मागच्या कोपऱ्यात, निम्म्या उंचीवर, खडकामागच्या गल्लीच्या तोंडाशी, गल्लीच्या रेषेत. आता उजव्याचं पाणी पुढच्या काचेजवळून डावीकडे जातं, वळतं, आणि डावा पंप तेच पाणी उचलून मागच्या गल्लीतून उजवीकडे परत पाठवतो. दोघं एकमेकांशी झगडत नाहीत, एकाच फेरीत खांदा देतात. पुन्हा टेप, पुन्हा व्हिडिओ. पुढच्या बाजूला 30 सेंटीमीटर दोन सेकंदांत. खडकामागे तीन. तिथे कण बसत नाहीत, निघून जातात. किरमिजी साय पाचव्या आठवड्यात दिसेनाशी झाली आणि मी त्यासाठी वेगळं काहीच केलं नव्हतं.

एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. पंप बंद करून पुन्हा सुरू केले, तर माझ्या टाकीतलं पाणी पूर्ण वेगाला यायला 40 सेकंदांच्या आसपास लागतात. पाणी जड असतं, त्याला गती धरायला वेळ लागतो. म्हणजे कंट्रोलरवर दर पाच-दहा सेकंदांनी पंप आलटून पालटून चालवण्याची जी सोय असते, त्यात पाणी गती धरण्याआधीच मोडतं. पाती फिरताना दिसतात, झोताजवळची कोरल हलतात, पण लांबची जागा स्थिरच राहते. मी दिवसातून काही वेळा, तीन-तीन तासांनी, जोर बदलते. कधी उजवा 70 टक्के आणि डावा 40, कधी उलट. त्यात अधूनमधून थोडं अनियमित वरखाली. तेवढ्याने कोरलवर पाणी एकाच अंगाने येत नाही आणि फेरीही टिकते.

लाटेचा मोडही करून बघितला. पंपाचा ठोका टाकीच्या लांबीशी जुळला की सगळं पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हेलकावतं. माझ्या टाकीत एक पूर्ण हेलकावा 1.3 सेकंदांचा. दिसायला इतकं सुंदर की आम्ही दोघी अर्धा तास नुसत्या बघत बसलो. पण स्टँडमधून बारीक करकर ऐकू आली, आणि काचेच्या सांध्यांवर दिवसाला हजारो वेळा हा भार पडणार हे डोक्यात आलं. बंद केला. होनोलुलूच्या वायकीकी ॲक्वेरियममधल्या ब्रूस कार्लसन यांनी याहून साधी युक्ती काढली होती. टाकीच्या वर एक मोठं पिंप, ते पंपाने सावकाश भरतं, काठोकाठ आलं की सायफन आपोआप सुरू होतो आणि सगळं पाणी एकदम खाली येतं. खऱ्या लाटेच्या सगळ्यात जवळचं तेच. घरात बुडबुडे आणि खारे शिंतोडे सोसायची तयारी हवी, एवढंच.

पृष्ठभागाकडे लक्ष असू द्या. संपूर्ण पाणी वरून थरथरलं पाहिजे. नुसता एक कोपरा नाही. वर तेलकट पापुद्रा दिसत असेल तर वायूंची देवाणघेवाण अडते, आणि रात्री ते जास्त बाधतं, कारण रात्री सगळेच श्वास घेतात आणि ऑक्सिजन कोणीच बनवत नाही. म्हणूनच मी रात्री पंप मंद करत नाही, बरेच जण करतात तरी. उलट पंप फार वर गेला तर भोवरा करून हवा ओढतो आणि टाकीभर बारीक बुडबुडे. संप (मुख्य टाकीला खालून जोडलेली दुसरी टाकी) असलेल्या टाकीत बाष्पीभवनाने वरची पातळी बदलत नाही, संपातली उतरते. संप नसेल तर पंप दोन-तीन सेंटीमीटर आणखी खाली ठेवावा.

कोणाला किती पाणी हे पुस्तकी आकड्यांपेक्षा कोरल स्वतः नीट सांगतं. हॅमर आणि टॉर्च या कोरलची टोकं सावकाश डुलली पाहिजेत, एकाच दिशेला ताणून राहता कामा नयेत. ट्रॅकिफिलिया, स्कोलिमिया, डिस्कोसोमा यांना वाळूजवळचं शांत पाणी. लेदर कोरल अधूनमधून मेणचट कात टाकतं, तेव्हा प्रवाह पुरेसा नसेल तर ती कात अंगावरच राहते आणि खाली सडते. मॉन्टिपोराच्या वाटीत गाळ साचत असेल तर पाणी कमी आहे. ॲक्रोपोराला बदलतं, जोराचं, पण थेट मारा नसलेलं पाणी.

आता जी गोष्ट लिहायला अजूनही जड जाते ती लिहिते. माझ्याकडे बबल टिप ॲनिमोन (कोरलचा मऊ, सांगाडा नसलेला नातलग) होतं, चार वर्षांचं, क्लाउनफिशच्या जोडीचं घर. खडक हलवल्यानंतर तीन आठवड्यांनी ते रात्री चालायला लागलं. ॲनिमोन अशा बदलांनंतर चालतं हे मला माहीत होतं, तरी पंपाच्या जाळीवर मी काही बांधलं नव्हतं. सकाळी दिवा लावला तर पाणी दुधासारखं. डाव्या पंपाचा आवाज घोगरा. अर्धं ॲनिमोन जाळीच्या आत, आणि क्लाउनफिशची मादी त्या पंपासमोर, झोताच्या विरुद्ध पोहत, जागा न सोडता उभी. पंप बंद केला, उरलेलं सोडवलं, 30 टक्के पाणी बदललं, ॲक्टिव्हेटेड कार्बन घातला, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) जास्त पातळ फेस काढेल असा चालवला. मासे आणि कोरल वाचले. ॲनिमोन दोन दिवसांनी गेलं. आता नवीन ॲनिमोन आणताना, किंवा खडकाला हात लावला असेल तेव्हा, दोन्ही पंपांवर जाड फोमची टोपी चढवते आणि ते एका जागी नीट बसून पंधरा दिवस होईपर्यंत काढत नाही. फोमने प्रवाह घटतो, गाळ अडकून आणखी घटतो, म्हणून दर तीन दिवसांनी धुवावा लागतो. तेवढं करायचं.

देखभालीचं थोडक्यात. तीन महिन्यांनी पुन्हा टेप लावून मोजलं तर दोन सेकंदांचे साडेतीन झाले होते. पंप उघडला. पात्यांवर कोरलाइन या शैवालाचा जांभळा, टणक थर आणि नळीत राहणाऱ्या किड्यांची पांढरी वेटोळी. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, त्यात पाऊण तास. फसफसून बरंचसं सुटतं, उरलेलं जुन्या टूथब्रशने. दांड्याच्या भोकात बघायला विसरू नये, आवाज बहुतेक वेळा तिथूनच येतो. नीट धुवून परत लावल्यावर एकदम जुन्या टक्क्यावर चालवू नका. कोरलना मंद झालेल्या पाण्याची सवय लागलेली असते आणि स्वच्छ पंप त्याच आकड्यावर कितीतरी जास्त ढकलतो. मी 50 वर सुरू करून चार दिवसांत वर नेते. पंप धरून ठेवणारं चुंबक काचेवर लावताना मध्ये वाळूचा कण नाही ना, ते बोट फिरवून बघावं. माझ्या डाव्या काचेवर एक लांब ओरखडा आहे, तो कायमचा. वायर प्लगला भिडण्याआधी खाली झोळ घेऊन वर जायला हवी, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत पोचत नाही. आणि वीज गेली तर निदान एक पंप बॅटरीवर, हळू का होईना, पृष्ठभागाजवळ चालला पाहिजे. गर्दीच्या टाकीत ऑक्सिजन तासांत संपतो.

गेल्या आठवड्यात मागची गल्ली पुन्हा मोजली. तीनऐवजी पाच सेकंद. पंप स्वच्छ होते. मग दिसलं, उजव्या बेटावरचा हिरवा ॲक्रोपोरा, जो मी अंगठ्याएवढा लावला होता, तो आता ओंजळीएवढा झाला आहे आणि त्याच्या फांद्या गल्लीच्या तोंडात आल्या आहेत. पंपाकडच्या फांद्या जाड, एकमेकींना चिकटून. आतल्या, आडोशाच्या, बारीक आणि मोकळ्या. एकाच झाडावर दोन तऱ्हा. तो छाटायचं माझ्या मनात नाही. काल डावा पंप चार सेंटीमीटर वर घेतला, थोडा काचेकडे वळवला, आणि 45 वरून 50 केला. मुलगी टेप लावते आहे, मी कण सोडते आहे. चार सेकंद. आणखी एक सेंटीमीटर वर घेऊन बघते.